आमची वाटचाल: फुलं न येणाऱ्या झाडांची नर्सरी

फुलं नाहीत, फळं नाहीत, मग लोक घेणार काय? नर्सरी काढली तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकाने हेच विचारलं. आम्ही दोघे भाऊ. धाकट्याला नेच्यांचं वेड, मला हिशेबाचं. सुरुवातीला घर चालायचं ते फुलझाडांवर. मॉस, नेचे, सेलाजिनेला (नेच्यासारखीच बिनफुलांची, बुटकी वनस्पती) ही मंडळी बाकांखाली पडून असायची. पण वरच्या कुंड्यांचं पाणी खाली ठिबकायचं, ऊन गाळून यायचं, वारा लागायचा नाही. वरच्या फुलझाडांपेक्षा खालीच जास्त हिरवंगार दिसायला लागलं, तेव्हा हिशेबवाल्यालाही विचार करावा लागला.

तिथे एक पाहुणा न बोलावता यायचा, सायलोटम. मुळं नाहीत, पानं म्हणावीत अशी पानं नाहीत; नुसत्या हिरव्या काड्या, दोन-दोन फाटे फुटत गेलेल्या, त्यांवर पिवळे मणी. बीजाणूंपासून, म्हणजे बियांऐवजी येणाऱ्या बारीक पुडीपासून, मुद्दाम वाढवायला गेलं तर नाकी नऊ येतात, कारण त्याची पहिली अवस्था मातीखाली, बुरशीच्या जिवावर जगते. म्हणून आम्ही तो पेरतच नाही. उगवलेल्या झुबक्याचे मातीसकट भाग करून विकतो.

‘कोट्यवधी वर्षं टिकलेली झाडं म्हणजे काटक असणारच’, असं ग्राहक धरून चालतात. टिकली खरी, पण आपापली जागा धरून. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत लेपिडोडेंड्रॉन नावाचा वृक्ष ३० मीटरहून उंच वाढायचा. त्याच्या दूरच्या नात्यातली आजची सेलाजिनेला ओलसर सावलीत वीतभर. म्हणून आमच्याकडे रोपाआधी जागेची चौकशी होते.

आमचा खरा जम बसला तो नेचे बीजाणूंपासून करायला लागल्यावर. पानामागचे ठिपके तपकिरी झाले की पान कागदावर पालथं ठेवायचं. एक-दोन दिवसांत खाली पूड पडते. कागद तिरका करून हलकेच टिचकी मारली की भुसा घसरतो, बीजाणू चिकटून राहतात. ही पूड उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या, गार झालेल्या मातीच्या मिश्रणावर भुरभुरवायची आणि वर काच. काही आठवड्यांत हिरवा थर धरतो, मग नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराचे पापुद्रे दिसतात. इथे घाई करणाऱ्यांचा माल जातो. पापुद्र्यावरच्या शुक्रपेशीला अंड्यापर्यंत पोहत जावं लागतं, त्यामुळे पृष्ठभागावर पाण्याची पातळ साय हवीच. उकळून गार केलेल्या पाण्याचा बारीक फवारा द्यायचा आणि वाट पाहायची. पहिलं खरं पान उभं राहिलं की काच रोज थोडी थोडी सरकवायची. एकदम काढली तर रोप दुपारपर्यंत माना टाकतं. ऑस्मुंडा या नेच्याचे बीजाणू हिरवे असतात, ते साठवून चालत नाही, ताजेच पेरायचे.

मॉसची तऱ्हा वेगळी. त्याला खत नको, खोल माती नको. पाणी तो थेट पानांतून पितो, म्हणून पाण्यातले क्षारही थेट भोगतो. जड पाण्याने टोकं करपतात, तांबेयुक्त बुरशीनाशक तर त्याचा काळच. आम्ही छपरावरून पावसाचं पाणी धरतो, तेच वापरतो. सुकलेला मॉस पाहून मदतनीस पोरगा अजून विचारतो, “दादा, मेलं का हे?” बहुतेक वेळा मेलेलं नसतं. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर गोठलेल्या थरातला सुमारे १५०० वर्षांपूर्वीचा मॉस पुन्हा वाढीला लागल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. आमचं पाकीट पोस्टात चार दिवस अडकलं तर काय मोठंसं.

आत झाडं लावलेल्या बंद काचपेट्यांच्या मागण्यांनी धंद्याला उभारी दिली. कल्पना जुनीच. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये पतंगाचा कोश बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला होता, आणि त्यात नेचा उगवला. बागेत धुरामुळे त्यांचे नेचे जगत नव्हते. १८३३ मध्ये त्यांनी अशा पेट्यांतून झाडं सिडनीला धाडली, ती जिवंत पोचली. आम्ही पेटी देतो तेव्हा एवढंच बजावतो: थेट उन्हात ठेवू नका, आत शिजून निघेल.

हॉर्सटेल, म्हणजे सांध्यासांध्यांच्या हिरव्या कांड्यांची बिनफुलांची वनस्पती, मात्र जमिनीत लावायला देत नाही, बंद तळाच्या भांड्यातच. त्याची जमिनीखालची खोडं एकदा खोल गेली की निघत नाहीत, आणि शिव्या आम्हाला.

सायकॅडला, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या, फुलांऐवजी शंकू येणाऱ्या झाडाला, यातलं काही लागू नाही. त्याला भरड, झटकन निचरा होणारं मिश्रण आणि बहुतेक जातींना भरपूर उजेड लागतो. शेंड्यात पाणी साचलं की कूज लागते. नवी पानं उलगडताना कुंडी हलवली तर ती प्रकाशाकडे वाकडी होतात. मातीवर पोवळ्यासारखी मुळं दिसली की लोक रोग समजून कापतात; त्यांत नत्र बांधणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांना हात लावू नये. सगळे सायकॅड ‘साइट्स’ या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या याद्यांत आहेत, त्यामुळे बियाणं कागदपत्रांशिवाय घेत नाही, कितीही स्वस्त मिळो. आणि ‘जोडी द्या’ म्हणणाऱ्यांना सांगावं लागतं की शंकू येईपर्यंत नर-मादी पाहून कळत नाही, आणि त्याला कित्येक वर्षं लागतात. एन्सेफॅलार्टोस वुडी या जातीचं १८९५ मध्ये सापडलेलं झाड नर निघालं, मादी आजवर सापडलेली नाही. आमच्या बिलावर म्हणून छापलेलंच असतं: नर की मादी याची हमी नाही.