सतरा गुण आणि एक ‘किंवा’

बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माझी बेरीज छापली आहे : 1200 पैकी 583. म्हणजे 48.58 टक्के. बी.एड.ला ओपनमधून पदवीला 50 टक्के लागतात, म्हणजे 600. सतरा गुण कमी. हा सतराचा आकडा मला इतका पाठ होता की दुकानात सतरा रुपये सुटे मागितले तरी तोच आठवायचा.

टीवायच्या, म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षी वडिलांचं ऑपरेशन झालं आणि केळीच्या बागेचं सगळं आई आणि माझ्यावर आलं. त्यात कंपल्सरी इंग्लिश. असो. 2015 ला पास झाले, पुढच्या वर्षी लग्न होऊन यावल तालुक्यातून अमळनेरला आले. मराठीत एम.ए. बाहेरून केलं, पहिल्या वर्षाच्या परीक्षेला पोटात मुलगा आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला तोच मुलगा सासूबाईंच्या मांडीवर. 2019 ला निकाल लागला, 1600 पैकी 912. बरोबर 57 टक्के.

निकालानंतर लगेच एका बी.एड. कॉलेजात चौकशीला गेले. खिडकीतल्या माणसाने बी.ए.ची गुणपत्रिका मागितली, खालची बेरीज बघितली आणि कागद परत सरकवला. “अठ्ठेचाळीस. नाही बसत मॅडम. पन्नास लागतात.” पाच-सात सेकंदांचं काम. माझ्या पिशवीत एम.ए.ची गुणपत्रिका होती. ती मी काढली नाही आणि त्यांनी विचारली नाही. चूक अर्धी माझी म्हणायला हरकत नाही, पण त्या दिवशी मला काही ती माझी वाटली नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “काय व्हयनं?” मी म्हटलं, नाही बसत. त्या म्हणाल्या, “व्हई जाई,” म्हणजे होऊन जाईल, आणि भाकरी टाकायला लागल्या. त्यांचं ‘व्हई जाई’ खरं व्हायला चार वर्षं लागली.

मधल्या काळात ज्याला त्याला विचारलं आणि ज्याने त्याने वेगळं सांगितलं. एकाने सांगितलं, तुम्ही ओबीसी ना, तुम्हाला 45 चालतात. ते खरंच आहे, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना पाच टक्क्यांची सूट आहे. 1200 चे 45 टक्के म्हणजे 540, माझे 583. पण त्यासाठी जातीचा दाखला, जात वैधता (तो दाखला पडताळल्याचं प्रमाणपत्र) आणि नॉन-क्रिमिलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) लागतं. माझ्याकडे होता फक्त दाखला, तोही माहेरच्या नावाचा. दुसऱ्याने सांगितलं, मुक्त विद्यापीठातून बी.एड. करून टाका, घरबसल्या होतं. तेही नीट बघितलं तर ते बी.एड. सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी, नाहीतर आधी शिक्षक प्रशिक्षणाची एखादी पदविका वर्गात बसून पूर्ण केलेल्यांसाठी आहे. माझ्यासारख्या नुसत्या एम.ए. बाईला ते दार बंदच. आमच्या जेठांनी तर सरळ सांगितलं की बी.एड. एका वर्षाचं असतं, मी केलंय. त्यांच्या वेळी होतं. 2015 पासून दोन वर्षांचं झालं.

मी वैधतेच्या मागे लागले. बाईमाणसाने लग्नानंतर वैधता काढायची म्हणजे माहेरचे सगळे पूर्वज उकरायचे, कारण जात वडिलांकडून बघतात. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. माझे आजोबा शाळेत गेलेच नव्हते, खरेदीखतावर अंगठा. शेवटी चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला आणि कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची, नक्कल मिळाली, मोडी लिपीत. ती वाचून देणारा माणूस शोधायला वेगळा महिना. नॉन-क्रिमिलेअरही आई-वडिलांच्या उत्पन्नावर ठरतं, नवऱ्याच्या नाही, म्हणून तेही माहेरच्या तालुक्यातून, फैजपूरच्या प्रांत कार्यालयाच्या सहीचं. अमळनेरहून रेल्वेने जळगाव, तिथून एसटीने भुसावळवरून यावल, मग फैजपूर. 2023 च्या मार्चमध्ये बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तेव्हा मी पहिला हिशोब या फेऱ्यांचा केला.

आणि एवढं करून शेवटी ते लागलंच नाही!

झालं असं की सीईटीचा, म्हणजे बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायला मी सेतू केंद्रात बसले होते. तिथला मुलगा असेल बावीस-तेवीसचा. दिवसाला असे पन्नास फॉर्म भरणारा. मी त्याला आधीच सांगून टाकलं, दादा, माझे अठ्ठेचाळीसच आहेत, वैधता यायची आहे, भरू की नको? त्याने काही उत्तर दिलं नाही. माहितीपुस्तिकेची पीडीएफ उघडली, पात्रतेचं पान काढलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. “ताई, इथे ‘आयदर’ आहे बघा. बॅचलर किंवा मास्टर. तुमचं एम.ए. झालंय का?”

मी म्हटलं, सत्तावन्न.

“मग झालं की.”

त्या ओळीचा अर्थ एवढाच होता : पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला, दोन्हींपैकी कुठेही किमान 50 टक्के. ही अट एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या, 2014 च्या नियमांतली, म्हणजे मी खिडकीवर गेले होते तेव्हाही तीच. मी चार वर्षं ‘पन्नास’ ऐकत होते, ‘किंवा’ कोणी बोलतच नव्हतं. मी तिथल्या स्टुलावर बसून रडले की हसले ते सांगता येत नाही, त्या मुलाने मात्र फॅन माझ्याकडे वळवला आणि फोटो अपलोड करायला लागला.

त्याने आणखी एक गोष्ट त्याच पानावर दाखवली, ती माझ्या भावासाठी उपयोगी पडली. भाऊ बी.ई. आहे. इंजिनिअरिंगवाल्यांनाही बी.एड. करता येतं, पण त्यांना 55 टक्के लागतात. भावाला 54 आहेत. तो आता फारसं काही बोलत नाही.

सीईटीबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. दीड तास, शंभर प्रश्न, संगणकावर, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. बौद्धिकमधले आकृत्यांचे प्रश्न मुलाच्या शेजारी बसून सोडवायचे, तो पाचेक वर्षांचा, कधीकधी माझ्या आधी उत्तर सांगायचा. ऊन इतकं होतं की परीक्षा केंद्राबाहेर सावलीत उभं राहूनही चपलेतून चटके. 61 गुण पडले.

खरी कसोटी कागदपत्रांची. माझी बी.ए.ची पदवी ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ अशी, एम.ए.ची ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’. पडताळणीत शंका निघाली की विद्यापीठं दोन का. विद्यापीठ एकच, 1990 सालचं, नाव 2018 मध्ये बदललं. जळगाव जिल्ह्यात बसून हे समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. जिने कधी पाटी हातात धरली नाही त्या असोद्याच्या लेकीचं नाव, आणि त्याच नावावरून माझे कागद अडलेले. दुसरी अडचण माझ्याच नावाची : बी.ए. माहेरच्या आडनावाने, एम.ए. सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला जवळ होता म्हणून निभावलं. ज्यांचं लग्न झालं पण नोंदणी केली नाही त्या बायकांना माझं सांगणं आहे, ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन तो कागद आधी करून ठेवा. साडी नंतर घ्या.

वैधता तोपर्यंत आली नव्हती. मी ओबीसीची जागा सोडली आणि ओपनमधून कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाची फेरी, भरला. ओपनमधून नंबर लागायला जास्त गुण लागतात, तरी दुसऱ्या फेरीत नंबर लागला.

त्याच वर्षी ऑगस्टात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालणार नाही, तिथे डी.एल.एड., म्हणजे बारावीनंतरची प्राथमिक शिक्षकांची पदविका, हवी. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस नुसतं रडगाणं. मला तसा फरक पडत नव्हता. मला नववी-दहावीला मराठी शिकवायचं होतं, आणि अकरावी-बारावीला तर एम.ए. लागतंच, तेही पन्नास टक्क्यांचं. पण नणंदेची बारावी नुकतीच झाली होती आणि तिला लहान मुलं आवडतात. तिला तेव्हाच सांगितलं, पदवीच्या मागे न लागता सरळ डी.एल.एड. कर. तिने ऐकलं. तिचं मन बारावीतच ठरलेलं होतं, मला ते तिशीत ठरवावं लागलं.

प्रवेशाच्या दिवशी टेबलावरच्या बाईंनी माझी फाईल उघडली. दाखले, टीसी, सीईटीचं स्कोअरकार्ड, प्रत्येकावर हिरवी टिक. बी.ए.च्या गुणपत्रिकेवर पेन थांबलं. मी श्वास धरला. त्यांनी पुढचं पान उलटलं, एम.ए.ची बेरीज बघितली, तिथे टिक केली आणि “फी पलीकडच्या काउंटरला” म्हणाल्या.

बी.एड. आता पूर्ण झालं. इंटर्नशिप तालुक्यातल्याच एका शाळेत झाली, टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास सुरू आहे. मागच्या आठवड्यात गल्लीतली एक मुलगी गुणपत्रिका घेऊन आली. 1200 पैकी 597. तीन गुण. 49.75 म्हणजे पन्नासच ना ताई, असं विचारत होती. मी म्हटलं, नाही, इथे वरच्या आकड्यात ढकलत नाहीत, तीन म्हणजे तीन. मग पीडीएफ उघडली, तेच पान काढलं, बोट ठेवलं. तिने एम.ए.चा फॉर्म भरला आहे. पहिलं सेमिस्टर दिवाळीनंतर आहे, आणि माझ्या नोट्स सध्या तिच्याकडे आहेत.