बर्फ कुणी भरला?

माझ्या अशिलाच्या नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र मी तिला कोर्टाच्या व्हरांड्यात वाचून दाखवत होते. ‘डिसेंबरपासून इंजिनाच्या कामामुळे बोट बंद असून किनाऱ्यावर ओढून ठेवलेली आहे. मी वडिलांच्या बोटीवर केवळ खलाशी आहे...’

“बोट बंद हाय,” तिने मला मध्येच थांबवलं, “मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी बर्फ कुणी भरला? गाडी माझ्या भावानंच खाली केली.”

भाऊ बर्फाच्या गाडीवर कामाला होता. सहा महिन्यांत तिने हे एकदाही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, हे कबूल करते. मी मागत होते ते आयकराचं रिटर्न, पासबुक, पगाराची स्लिप. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवर कसली आलीय पगाराची स्लिप! बोट आली, मासळी लिलावात गेली, डिझेल-बर्फ-शिधा वजा झाला, की उरलेल्यात मालकाचा वाटा आणि खलाशांचे वाटे. त्यातून बोटीचं लायसन सासऱ्याच्या नावावर. कागदावर नवरा कफल्लकच.

घटस्फोटाची याचिका त्यानेच केलेली. ती मुलाला घेऊन माहेरी, कोळंबी सोलायच्या कामावर. अंतरिम पोटगीचा अर्ज करायला तिची आईच तयार नव्हती. “पैसे घेतले म्हंजे सोडचिठ्ठी कबूल केली!” हा समज आमच्या किनारपट्टीवर फार घट्ट आहे. आईला बसवून समजावलं: हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा कोण बरोबर, कोण चूक याच्याशी संबंध नाही. दावा चालू आहे तोवर ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही त्याने खायचं काय आणि कोर्टाचा खर्च करायचा कुठून, एवढंच त्यात बघतात. (नवराही मागू शकतो. माझ्याकडे अजून एकही आलेला नाही.) २००१ च्या दुरुस्तीप्रमाणे नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत असा अर्ज निकाली निघायला हवा. त्या ‘शक्यतो’वर आमच्या किती तारखा गेल्या, ते विचारू नका.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून मात्र एक बरं झालंय. दोघांनाही मालमत्तेचं आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पूर्वी ‘मला उत्पन्न नाही’ या एका ओळीत भागायचं. आता खोटं बोलायचं तर रकानेवार बोलावं लागतं.

बर्फावरून मला डिझेल सुचलं. मच्छीमार सोसायटीच्या पंपावर डिझेल बोटीच्या नंबरावर भरतात. विक्रीकराचा परतावा हवा तर नोंद ठेवावीच लागते. तो उतारा मागवायचा अर्ज मी त्याच दुपारी हाताने लिहून दिला.

पुढच्या तारखेला उतारा आला. डिसेंबर ते फेब्रुवारी, जवळजवळ दर आठवड्याला भरणा. समोरचे वकीलसाहेब उठून म्हणाले, “इंजिनाच्या चाचणीसाठी, साहेब.”

न्यायाधीशसाहेबांनी कागदावरून बोट फिरवत नेलं. “आठशे लिटर? चाचणी कुठपर्यंत केली, लक्षद्वीपपर्यंत?”

मागच्या बाकावरचा शिपाईसुद्धा हसला. नवरा खाली बघत होता. सासरा मात्र आमच्याकडे बघत होता, एकटक. मला ते फारसं आवडलं नाही.

जूनअखेर आदेश झाला. महिना नऊ हजार आणि दाव्याच्या खर्चाचे पंधरा. मी वीस हजार मागितले होते. सोलणीचे पैसे तिचं उत्पन्न म्हणून धरले गेले. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात घालून बोटांची सालं जातात, त्याला प्रतिज्ञापत्रात रकाना नाही.

ती शांत होती. पिशवीतून शाळेची वही काढली. लग्नानंतर बोटीचा हिशेब तीच लिहायची. माहेरी येताना एवढी एक वही उचलून आणली होती.

“कधीपास्नं धरायचे?”

“अर्जाच्या तारखेपासून. ऑगस्ट.”

बोटांवर मोजता मोजता ती थांबली. “जूनचे पण? जूनला मासेमारीला बंदी असते.”

“जूनचे पण.”

“मग नव्व्याण्णव,” म्हणाली आणि खाली पंधरा मांडून तिने बेरजेची रेघ ओढली.