तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवरून कसली म्युझिक थेरपी?

व्यवसाय सांगितला की हा प्रश्न येतोच, आणि पाठोपाठ दुसरा: मग फी निम्मी घेता का? (नाही.)

होते फोनवरून. फक्त एकत्र गाणं होत नाही, हे आधीच सांगते. आवाज पोचायला साधारण 30 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की दोघांची लय फाटायला लागते, आणि व्हिडिओ कॉलला त्याहून कितीतरी जास्त लागतो. दोघं एकदम गायला लागले तर ॲप एकाचा आवाज दाबतं. तानपुऱ्याला तर ते पंख्याची घरघर समजून गाळूनच टाकतं! झूममध्ये ‘ओरिजिनल साऊंड’ चालू करता येतं, पण मी सरळ पेशंटच्या घरीच दुसऱ्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावायला सांगते. माझ्या एका पेशंट काकांची गायची पट्टी काळी एक, तर त्या ॲपवरही काळी एक.

हे काका उदगीरकडचे, मी पुण्यात. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली. समोरच्याचं कळतं, पण स्वतःचा शब्द बाहेर पडत नाही. गणपतीची आरती मात्र धडाधड म्हणतात. घरच्यांना वाटतं, आली वाचा! तसं नसतं. वर्षानुवर्षं पाठ असलेलं आपसूक येतं, पाणी मागायला ते कामी येत नाही.

त्यासाठी मेलॉडिक इंटोनेशन थेरपी आहे, 1973 मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी मांडलेली. रोजचं छोटं वाक्य दोनच सुरांत गायचं, एक वरचा, एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताची थाप. ‘पा-णी-दे.’ आधी मी पेशंटच्या बरोबर गाते, मग हळूहळू माझा आवाज काढून घेते.

ही ‘बरोबर’ची पायरीच फोनवर अडते. काकांच्या कानाला आम्ही एकत्रच गात असतो. मला मात्र ते मागे पडलेले ऐकू येतात. त्यांना सांभाळून घ्यायला मी लय उतरवली की ते आणखी रेंगाळतात, मग मी आणखी. म्हणून तेवढ्यापुरता मी माझ्याकडचा स्पीकर बंदच करते, गात राहते आणि त्यांचा हात बघते. ऐकायचं काम काकूंचं. त्या शेजारी बसून त्यांच्या हाताला थाप देतात आणि मला कळवतात, “‘णी’ गिळला हो आज.”

क्लिनिकमध्ये काकू बाहेरच्या बाकावर बसल्या असत्या. इथे त्या रोज चारला चहाचा कप समोर ठेवतात आणि ‘च-हा-ह-वा’ झाल्याशिवाय बशी पुढे सरकवत नाहीत. थोडा छळच, पण आठवड्यातल्या माझ्या एका सेशनपेक्षा मला त्या चहाचा भरवसा जास्त वाटतो.

सगळ्यांना मी ऑनलाइन घेत नाही. पार्किन्सन्समध्ये मेट्रोनोमच्या (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) ठेक्यावर पाऊल टाकायचा सराव असतो. तोल गेला तर धरायला घरात दणकट माणूस नसेल, तर तो फोनवरून नाही म्हणजे नाही. डिमेन्शिया फार पुढे गेलेल्या एका आजींना मी ‘टीव्हीतली बाई’ वाटायचे, त्या घाबरायच्या. तिथे मी सुनेलाच शिकवलं आणि स्वतः कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाले.

फोन कुठे ठेवायचा, हेही बरेच जण विचारतात. डब्याला टेकवून, आडवा. चेहऱ्याबरोबर डावा हातही दिसला पाहिजे.