तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर नसलेल्या माणसाला मानसिक पेशंट सांभाळायला शिकवता येतं का?

हा प्रश्न मला लग्नात, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतर, सगळीकडे विचारतात. "दहावी-बारावी झालेल्या मुलींना तुम्ही नक्की काय शिकवता हो? माया असली की झालं ना?" माया हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. बघायला शिकवावं लागतं आणि थांबायला शिकवावं लागतं, आणि ही दोन्ही शिकवता येतात हे मी ठामपणे सांगते.

घरी मानसिक पेशंट सांभाळायला जाणाऱ्या मुलींचा आमचा परळला क्लास आहे. तिथे सरावासाठी एक मुलगी पेशंटचं सोंग घेते आणि म्हणते, "चहात तू काहीतरी घातलंयस." नवीन मुलगी लगेच, "अहो आजोबा, काहीतरीच काय, बघा मी पिऊन दाखवते!" पण पिऊन दाखवलं तरी संशय जात नाही, उलट वाटतं हिने आधीच उतारा घेतला असणार. भ्रमाशी वाद घालून भ्रम जात नाही, पण हो ला हो पण करायचं नाही, कारण मग संशयाला साक्षीदार मिळतो. म्हणायचं, "तुम्हाला भीती वाटतेय, दिसतंय मला. चला, तुम्हीच गाळा चहा." गाळला तर ठीक, नाही तर अर्ध्या तासाने परत विचारायचं. एवढं साधं बोलणं तोंडात बसायला खूप वेळ लागतो, कारण समजूत घालायची सवय आपल्या सगळ्यांनाच लहानपणापासून असते.

आणि बघणं. डॉक्टर पेशंटला महिन्यातून दहा मिनिटं बघतात, ही मुलगी बारा तासांची ड्युटी करते. सारख्या येरझाऱ्या, एका जागी बसवत नाही, घरचे म्हणतात आजार वाढला, पण तो कधीकधी गोळ्यांचाच परिणाम असतो आणि डॉक्टर डोस बदलू शकतात, फक्त कुणीतरी सांगायला हवं. लिथियम, म्हणजे मूडचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, घेणाऱ्या पेशंटला मे महिन्याच्या उकाड्यात जुलाब-उलट्या झाल्या, पाणी पोटात राहत नाही, हात जास्त थरथरायला लागले, चालताना झोक जातोय, बोलणं जड झालं तर उद्यावर ढकलायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचे, कारण अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. अंग दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन परस्पर द्यायची नाही, तिनेही ते वाढतं. हे आम्ही वहीत लिहून घेतो, झोप किती, जेवण किती, काय बदललं. "आज बरे होते" एवढंच लिहिलेलं मी चालवून घेत नाही.

"जगावंसं वाटत नाही" असं कुणी म्हटलं तर विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने विचार डोक्यात येतो ही भीती खोटी आहे. मग एकटं सोडायचं नाही, घरच्यांना, डॉक्टरांना कळवायचं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये सेव्ह असतो.

यातनं फरक पडतो का, असंही विचारतात. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या, पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, 2014 ला छापून आला. नेहमीच्या उपचारासोबत शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते घरी जायचे, त्या पेशंटची लक्षणं नुसत्या उपचारापेक्षा थोडी जास्त कमी झाली. थोडीच, पण ज्या घरात असा पेशंट आहे त्यांना विचारा थोडं म्हणजे किती.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई मागवताना घरचे फक्त म्हणतात "पेशंट जरा चिडका आहे". आजार सांगत नाहीत, गोळ्यांची नावं सांगत नाहीत, आणि कल्याणहून पहिली गाडी पकडून आलेली मुलगी दारात उभी असते तेव्हा तिला काहीच माहीत नसतं. तिला आजाराचं नाव, गोळ्या, आणि गेल्या वेळी त्रास वाढला तेव्हा आधी काय दिसलं होतं, एवढं पहिल्याच दिवशी सांगा. लोक काय म्हणतील ते नंतर बघू, तिला सांगा.