दीड मिनिटाची १.४.०

रात्री पावणेबाराला नव्या आवृत्तीचा टॅग पुश केला, पायपीआयवर (पायथनची पॅकेजेस जिथून सगळे उतरवून घेतात तिथे) माझ्या पॅकेजची १.४.० चढली आणि दीडच मिनिटात लक्षात आलं, टेम्प्लेटचा फोल्डर पॅकेजमध्ये गेलाच नाही.

माझ्या मशीनवर सगळं चालत होतं. चालणारच! मी सोर्सच्या फोल्डरमधूनच चालवत होतो. व्हील फाइल, म्हणजे पायपीआयवर चढवलेलं तयार पॅकेज, शेवटी झिपच. उघडून बघितली तर आत नुसत्या पायथनच्या फाइल्स. पाच सेकंदांचं काम, पण आधी सुचेल तर शपथ.

मग हात शिवशिवले. डिलीट करावं, दुरुस्त करून तोच नंबर पुन्हा चढवावा, कुणाला कळतंय? पण पायपीआय त्याच नावाची फाइल दुसऱ्यांदा घेत नाही, आधीची उडवली तरी. गुपचूप खाडाखोड करायची सोयच नाही. तेव्हा चिडलो. पण तेवढ्यात कुणी ती उतरवून घेतली असती, तर एकाच नंबराच्या दोन वेगळ्या फाइल्स फिरत राहिल्या असत्या.

शेवटी १.४.० यँक केली. म्हणजे ती तिथेच राहते, नेमकी तीच मागितली तर मिळते, एरवी पिप, म्हणजे पॅकेज उतरवून बसवणारा प्रोग्रॅम, तिला वगळून पुढे जातो. आणि १.४.१ काढली.

चेंजलॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक आवृत्तीतल्या बदलांच्या नोंदीत, आधी लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. खोडलं. मग लिहिलं, '१.४.० मध्ये टेम्प्लेट टाकायला विसरलो.'

या एका ओळीला १.४.१ बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तुमच्या चेंजलॉगमधल्या 'किरकोळ सुधारणा' खरंच किरकोळ असतात का हो?