नाटकावर घर चालते का?

गावात लग्नाला गेलो, बँकेच्या रांगेत उभा राहिलो किंवा प्रयोग संपल्यावर पहाटे चेहऱ्याचा रंग पुसत बसलो, तरी एक प्रश्न ठरलेला असतो: नाटकावर घर चालते का हो? विचारणारा बहुधा एखाद्या तरुण पोराचा बाप असतो. पोराने बारावीनंतर शेतीत लक्ष घातलेले नसते, पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावायला जाणेही सोडलेले असते, आणि त्याच्या डोक्यात नाटकाशिवाय दुसरे काही नसते. अलीकडे मुलींच्या आयाही विचारू लागल्या आहेत. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

घर चालते, पण वर्षातले साधारण पाच महिने. आणि तेही मला नाटकाची आवड आहे म्हणून चालत नाही, इथल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या, गावांना पैसे मोजून रात्रभर नाटक पाहण्याची सवय आहे म्हणून चालते. आवड असली की मार्ग सापडतो, असे निरोप समारंभाच्या भाषणांत सांगतात. माझ्याबरोबर शिकलेल्या एकाला मातीच्या मूर्ती घडवण्याचा नाद होता, दुसरा व्हॉलीबॉलसाठी जेवण विसरायचा. त्यांची ओढ माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. त्यांच्या आवडीला पंचक्रोशीत गिऱ्हाईक नव्हते, माझ्या आवडीला होते, आणि ते मी जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून होते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला, वैनगंगेच्या खोऱ्यातला जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार इथे पूर्वापार होतेच, त्यांच्या शेजारी संगीत नाटक येऊन बसले आणि इथलेच झाले. हलके, म्हणजे लवकर येणारे, धान कापून झाले की दिवाळीपाठोपाठ गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात. ज्या गावात मंडई किंवा पट असतो त्या गावात लेकी-जावई आणि सोयरेधायरे मुक्कामाला येतात, आणि आलेल्या पाहुण्यांना रात्री नाटक दाखवणे हा पाहुणचाराचाच भाग समजला जातो. गावातले मंडळ नाटक कंपनीकडून नाटक ठरवते, मंडप घालते आणि तिकिटे विकते. उरले तर गावाच्या कामी लावते, बुडाले तर मंडळाची पोरे आपसात वाटून घेतात. वडसा, म्हणजे कागदोपत्रीचे देसाईगंज, हे या व्यवहाराचे मुख्य ठाणे. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या या गावात येऊन मंडळाची माणसे कंपन्यांची नाटके चाळतात, तारीख धरतात आणि इसार देऊन जातात. कंपनी आम्हाला प्रयोगागणिक पैसे देते, त्याला नाइट म्हणतात. महिन्याचा पगार या धंद्यात नाही.

गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. त्या सन्मानाने आम्हा सर्वांची मान उंचावली, यात शंका नाही. परंतु पोराच्या बापाला सन्मानापेक्षा हिशेब हवा असतो, आणि त्याचे तसे असणे योग्यच आहे.

हिशेब असा की प्रयोग झाला तर पैसे. अवकाळी पाऊस आला, गावात कोणी वारले, ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचे अडले, की ती रात्र गेली. निमित्तच नाहीसे होण्याचेही प्रसंग येतात. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळेपर्यंत, पटाच्या नावाने नाटक ठेवणाऱ्या गावांपुढे नाटक कोणत्या निमित्ताने ठेवावे हा प्रश्न होता. बैलांच्या न्यायालयीन प्रकरणाचा नटाच्या चुलीशी संबंध असतो, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. त्यातच २०२० साली करोना आला, आणि त्या काळात आमच्यातले अनेकजण भाजीच्या गाडीवर किंवा गवंड्याच्या हाताखाली दिसू लागले.

म्हणून मी पोरांना सांगतो की नुसता अभिनय येऊन भागत नाही. नुसता नट सहज बदलता येतो. त्याच्यासारखे दहाजण वडशात बसलेले असतात. ज्याला गाता येते, ज्याला ऑर्गनवर किंवा तबल्यावर बसवता येते, जो दिव्यांची जोडणी सांभाळतो आणि वेळ पडली तर इन्स्पेक्टरची भूमिकाही उभी करतो, त्याला कंपनी सहसा सोडत नाही. मी स्वतः कंपनीत शिरलो तो प्रॉम्प्टर म्हणून. विंगेत बसून सांगता सांगता प्रॉम्प्टरला सगळ्यांच्या भूमिका पाठ होतात, त्यामुळे कोणाला ताप आला की मालकाची नजर आपोआप त्याच्याकडे वळते. पुढे नटांच्या तोंडी न बसणारी वाक्ये दुरुस्त करू लागलो, दुरुस्त करता करता प्रवेश लिहू लागलो आणि मग सबंध नाटके. आज माझ्या मिळकतीत लेखनाचा वाटा अभिनयाहून मोठा आहे, आणि ते काम पावसाळ्यात असते, जेव्हा बाकीच्या कलावंतांच्या हातात काहीच नसते. हा धंदा निभावला तो या एका कारणाने, असे मला वाटते.

आवड धंद्यात घातली की तिला गिऱ्हाईकाचे ऐकावे लागते, हेही आधी सांगितलेले बरे. रात्री दोन वाजता थंडीत घोंगडी पांघरून पेंगणाऱ्या माणसाला जागे ठेवायचे असते, त्यामुळे विनोदी प्रवेश आणि नाच घालावेच लागतात. त्यात काही कमीपणा आहे असे मी मानत नाही. पहाटेपर्यंत हजार माणसे खिळवून ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. मात्र द्व्यर्थी संवादांवर तो प्रवेश भागवायचा हा आळशीपणा आहे, आणि तसे लिहून देत नाही म्हणून काही कंपन्या माझ्याकडे फिरकत नाहीत. जे नाटक मला मनापासून लिहावेसे वाटते ते मी गावच्या हौशी मंडळासाठी लिहितो आणि त्याचे पैसे घेत नाही. ते नाटक वडशात विकले जाणार नाही, याची मला कल्पना आहे.

आणखी एक बाब या हिशेबात कोणी धरत नाही. भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या, धानाची कापणी, बांधणी आणि मळणी नेमकी सीझन सुरू होताना येते. मी रात्री मंचावर आणि दिवसा परतीच्या गाडीत झोपलेला असतो, तेव्हा मजूर बोलावणे, धान झाकणे, खरेदी केंद्रावर नंबर लावणे आणि शेजाऱ्याशी बांधावरून भांडणे ही सगळी कामे माझी बायको करते. जुलै-ऑगस्टमधल्या रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, मी घरी असतो, पण रोवणारा मीच आहे असे सांगायला मी धजावणार नाही. त्यामुळे नाटकावर घर चालते असे मी म्हणतो, तेव्हा ते तिच्या शेतीच्या आधारावर चालते, असे ऐकावे. नट झालेल्या पोरासाठी मुलगी पाहायला जाल, तेव्हा सोयऱ्यांना हे स्पष्ट सांगा.

मुलींच्या आयांना माझे सांगणे थोडे वेगळे आहे. कला आहे की नाही हे तालमीत कळेलच. तुम्ही आधी कंपनीला विचारा की कपडे बदलायला बंद खोली असते का, पहाटे मुलीला घरापर्यंत कोण सोडते, आणि गाडीत आणखी किती बायका असतात. असे विचारल्याचा ज्या कंपनीला राग येतो तिथे मुलीला पाठवू नका. नीट उत्तर देणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या बायकाही आहेत.

तरीही पोराचा हट्ट कायम असेल, तर दसऱ्याच्या आधी, तालमी चालू असताना त्याला वडशाला पाठवा. पहिल्या सीझनला त्याच्या वाट्याला सामान उतरवणे, पडदे बांधणे आणि एखाद्या शिपायाची दोन वाक्ये येतील. जाताना बरोबर एक वही द्या आणि तीत रोज गाव, नाटक, ठरलेली नाइट, हाती आलेले पैसे आणि प्रवासात गेलेले पैसे लिहायला लावा. होळीच्या सुमारास तो घरी येईल, तेव्हा ती वही दोघांनी मिळून वाचा. येणे बाकी असलेल्या पैशांचा रकाना तेवढा वेगळा आखून द्या, कारण पहिल्या वर्षी सगळ्यात आधी तोच भरतो.