पाठीवरचा वारा

आंबा घाटाच्या पायथ्याला, साखरप्याला गॅरेज असलं की एप्रिल-मे महिन्यात दोन प्रकारच्या गाड्या हमखास दारात येतात. ब्रेक जळलेल्या, त्या घाट उतरून आलेल्या. आणि उकळलेल्या, त्या घाट चढायला जाऊन मागे फिरलेल्या. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला आली ती दुसऱ्या प्रकारातली होती, पण तिच्या मागे चाकांवरची एक पांढरी खोली होती. कॅराव्हान. समोरच्या टपरीवरची सगळी माणसं चहाचे ग्लास हातात घेऊनच उठून आली.

काका-काकू पुण्याचे, बरोबर आठ-नऊ वर्षांचा नातू. गणपतीपुळ्याला चार दिवस राहून परत निघालेले. मुर्शीचं चेकपोस्ट मागे टाकून घाटातल्या कळकदऱ्याच्या आसपास गेले आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. काकांनी गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, पाण्याच्या बाटल्या ओतल्या, थोडं चढले, पुन्हा तेच. मग एका ट्रकवाल्याने मागची वाहनं थोपवून धरली आणि कॅराव्हान सोडून, हाताने फिरवून, परत जोडून ते खाली आले. एवढी अक्कल शाबूत ठेवून खाली येणारे कमी. बरेच जण उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडतात आणि मग आधी दवाखाना, नंतर गॅरेज.

काकांनी लगेच पिशवीतून बिल काढलं. निघण्याआधी शहरातल्या एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदललेला, आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट नवं. "मिस्त्री, सगळं नवीन आहे हो. हायवेला सत्तरने आलो, काटा मधून हलला नाही. घाटातच काय होतं हिला?"

निम्मं उत्तर त्यांच्या बोलण्यातच होतं. सपाटीला सत्तरच्या वेगात वारा आपणहून जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये घुसतो. घाटात ओझं घेऊन गाडी वीस-पंचवीसने चालते, तेव्हा वारा ओढायचं काम एकट्या फॅनचं. पळताना थंड आणि चढताना गरम असेल तर आधी फॅन बघायचा. पळतानाही गरम होत असती तर मी पाण्याचा पंप आणि जाळीच्या नळ्या बघितल्या असत्या.

इंजिन बंद केल्यावर गरम असतानाच फॅन हाताने फिरवला. या गाडीला व्हिस्कस फॅन आहे. त्याच्या पोटात सिलिकॉनचं जाड तेल असतं. समोर जाळीतून गरम हवा आली की आतली झडप उघडते, तेल पकडतं आणि फॅन इंजिनाबरोबर जोरात फिरतो. इंजिन तापलेलं असताना तो हाताला जड लागायला हवा. हा भिंगरीसारखा गरगर फिरत राहिला. बोट लावून पाहिलं तर मधल्या तबकडीभोवती तेलाचा चिकट काळा थर. तेल गळून गेलं होतं. थर्मोस्टॅट दहा वेळा बदलला असता तरी या दुखण्याला उतार पडला नसता.

मग जाळी. पुढून बघितली तर स्वच्छ दिसत होती, आणि फसगत होते ती इथेच. पुढे दिसतो तो एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची वेगळी जाळी. रेडिएटर त्याच्या मागे, मध्ये बोटभर फट. कंडेन्सरचे बोल्ट सैल करून, गॅसचे पाइप न सोडता, तो पुढे कलता केला. फटीत लाल गादी तयार झालेली. मिऱ्या-नागपूर रस्त्याच्या चौपदरीकरणाची धूळ आमच्या भाताच्या तपेल्यापर्यंत पोचते, ती इथे का पोचणार नाही? आणि त्या धुळीत सावरीचा कापूस. या दिवसांत बोंडं फुटून म्हाताऱ्या हवेत उडत असतात. नातवाला मी मूठभर काढून दाखवला तर तो खिशात ठेवायला निघाला. जाळी आम्ही इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुतली. प्रेशर गन मारली की पत्र्याच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि जाळी कायमची बुजते.

काकांना वजनाचा प्रश्न पडलेला. "कॅराव्हान भरून टनभर असेल. एवढ्याने एवढा फरक?" मी त्यांना ढोबळ हिशेब सांगितला. डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा साधारण तिसरा भाग चाकांना मिळतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बराचसा पाण्यातून जाळीकडे येतो. म्हणजे चाकांकडून जितकं जास्त काम घ्याल, जवळपास तितकीच जास्त उष्णता जाळीच्या वाट्याला. टनभर वजन शंभर मीटर वर न्यायला सुमारे दहा लाख जूल लागतात, आणि आंबा घाट शंभर मीटरवर संपत नाही. कॅराव्हानची टाकी गणपतीपुळ्यात काठोकाठ भरलेली होती, शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो. ती माझ्या अंगणातल्या माडांना सोडायला लावली. हापूसच्या पेट्या मात्र काकूंनी उतरवू दिल्या नाहीत. तो विषय मी वाढवला नाही.

फॅनचा क्लच, म्हणजे तेल गळालेली ती मधली तबकडी, साखरप्यात मिळण्यासारखा नव्हता. कोल्हापूरला फोन केला. दुकानदाराने संध्याकाळच्या रत्नागिरी एसटीत पार्सल टाकलं. ते येईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाचं रबर तपासलं. कडक झालेलं होतं, बदललं. झाकण दाब धरतं म्हणून तर पाणी शंभर अंशाला उकळत नाही. एक बार दाबाला ते एकशेवीसच्या आसपास जातं. बाटलीच्या पाण्याने पातळ झालेलं कूलंट काढून नवं कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरलं.

पार्सल आलं, क्लच बसवला. रात्री जेवून लगेच निघायची काकांची घाई. तेव्हा टपरीवरचे एक जुने ट्रकवाले बोलले, "वारा पाठीवर घेऊन कशाला चढताव? पहाटेचे जावा."

ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही, पण या रस्त्यावरचे जुने ड्रायव्हर पाळतात. उन्हाळ्यात दुपारपासून वारा समुद्राकडून घाटाकडे वाहतो. वर चढणारी गाडी पूर्वेला तोंड करून, म्हणजे वारा मागून. गाडी वीसने आणि वारा पंधराने मागून येत असेल, तर जाळीला मिळतो तो पाचचा. पहाटे वारा घाटावरून खाली उतरतो, समोरून येतो, वर गारवा. त्याच गाडीला, त्याच चढाला हा फरक फुकटात मिळतो. काकू लगेच म्हणाल्या, "मग पहाटेच." कॅराव्हान माझ्याच अंगणात राहिली. गल्लीतल्या पोरांनी तिची पायरी झिजवली.

पहाटे पाचला मी बरोबर बसलो, पाण्याचं तापमान आकड्यात दाखवणारा स्कॅनर लावून. गाडीतल्या काट्यावर माझा भरवसा नाही. बहुतेक नव्या गाड्यांत तो ऐंशीपासून शंभरच्या पुढेपर्यंत मध्येच बसून राहतो आणि हलतो तेव्हा वेळ गेलेली असते. काका सवयीने चौथ्या गिअरमध्ये चढायला लागले, इंजिनाला त्रास नको म्हणून. खरं तर कमी फेऱ्यांवर पंपही हळू आणि फॅनही हळू, वर इंजिन घुसमटतं. दुसरा-तिसरा टाकून अडीच हजारांच्या आसपास ठेवायला सांगितलं. एसी बंद, खिडक्या खाली. आवाज वाढला तसे काका दचकले, पण आकडा ब्याण्णव, पंच्याण्णव. कळकदऱ्याच्या वळणांत अठ्ठ्याण्णव झाला आणि फॅनने पकड घेतल्याचा घोंघाट कानावर आला. मागे सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णवच्या वर गेला नाही. गेलाच असता तर हीटर पूर्ण सोडायचा, एवढं आधीच ठरवून ठेवलं होतं. तोही एक छोटा रेडिएटरच.

घाटमाथ्यावर आंबा गावाला पोचल्यावर काका चावी फिरवायला गेले, मी हात धरला. चढ संपल्या संपल्या इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि आतली उष्णता जागीच राहते. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचंही तेल थांबतं. तीन-चार मिनिटं तसंच चालू राहू दिलं, मग उतरलो. मला खाली जाणारी पहिली एसटी पकडायची होती. काकांनी विचारलं, आता एसी लावला तर चालेल ना? मलकापूरपर्यंत खुशाल लावा, म्हटलं, आणि पन्हाळ्याला वर जाणार असाल तर पायथ्याला परत बंद करा.